३३८ जीबी फोटो पोर्टेबल ड्राइव्हवर कॉपी करताना वेग पडतो, एरर येते, आणि शेवटी फाइल्सचा आकडाच जुळत नाही

धूसर_फोकस

लॅपटॉप विंडोज ११. सगळे फोटो ‘पिक्चर्स’मध्ये वर्षवार फोल्डर करून ठेवलेत. प्रॉपर्टीजमध्ये ९२,४१६ फाइल्स, ३३८ जीबी दिसतात. त्यात जेपीजी आहेत, रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल्स) आणि त्यांच्या एक्सएमपी (दुरुस्त्यांच्या नोंदीच्या छोट्या फाइल्स) आहेत, फोनवरून आलेले एचईआयसी फोटो आहेत, आणि काही व्हिडिओ (सगळ्यात मोठा ६ जीबीचा). ड्राइव्ह १ टीबीची, फिरत्या तबकडीवाली, एक्सफॅट फॉरमॅट. पद्धत साधीच: सगळं सिलेक्ट, कॉपी, ड्राइव्हवरच्या ‘लॅपटॉपमधले सर्व जुने फोटो’ या फोल्डरमध्ये पेस्ट.

१) सुरुवातीला वेग ११०-१२० एमबी प्रति सेकंद होता. नंतर ८-१२ वर आला, मधूनमधून शून्यच.
२) बऱ्याच फाइल्सवर ‘आय/ओ डिव्हाइस एरर’. काही ‘ट्राय अगेन’ने झाल्या, बाकीच्यांना ‘स्किप’ दिलं. आणखीही कुठे कुठे स्किप केलं, तिथले मेसेज वाचले नाहीत.
३) शेवटी ड्राइव्हवर ९१,८७४ फाइल्स आहेत, म्हणजे ५४२ कमी. तरीही ड्राइव्हवर ‘साइझ ऑन डिस्क’ मूळ आकड्यापेक्षा जास्त दिसतंय, ३४२ जीबी.

कमी फाइल्स आणि जास्त जागा हे कसं? कॉपी पुन्हा पहिल्यापासून करू का? ड्राइव्ह अधूनमधून मॅकला लावावी लागते. आणि हे झालं की लॅपटॉपवरचे फोटो उडवून जागा मोकळी करायची आहे.

---

तबकडी

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. ५४२ फाइल्सचा हिशेब लागेपर्यंत लॅपटॉपवरचं काहीही उडवू नका. हिशेब लागल्यावरही एकच ड्राइव्ह असेल तर उडवू नका. मूळ प्रत उडवली की ड्राइव्हवरची प्रत ही बॅकअप राहत नाही, तीच मूळ होते, आणि ती हातातून पडू शकते. आधी दुसरी ड्राइव्ह आणा.

आता जागेचं कोडं. एक्सफॅट ही जागा क्लस्टरच्या तुकड्यांत देते, आणि ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हवर विंडोज तो क्लस्टर आपण होऊन १२८ केबीचा ठेवते. १० केबीची एक्सएमपी फाइलही १२८ केबी अडवते. सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो असं धरलं तर ६४ केबी गुणिले ९१,८७४, म्हणजे साडेपाच-पावणेसहा जीबी. तुमचा जास्तीचा आकडा तिथून आलाय. एनटीएफएसचा (विंडोजच्या स्वतःच्या फॉरमॅटचा) नेहमीचा क्लस्टर ४ केबीचा असतो, त्यात हीच नासाडी २०० एमबीच्या आत राहिली असती. यात बिघाड काही नाही. मात्र तुलना करताना नेहमी ‘साइझ’ची ‘साइझ’शी करा, ‘साइझ ऑन डिस्क’ सोडून द्या. (१ टीबीची ड्राइव्ह ९३१ जीबी दिसते तेही असंच: कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.)

वेग पडण्याची कारणं एकात एक गुंतलेली असतात. पहिले काही जीबी रॅममध्ये आणि ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशमध्ये जातात, त्यामुळे सुरुवातीचा आकडा फुगलेला असतो. तो धरून वेळेचा अंदाज बांधू नका. पुढे लहान फाइल्स आल्या की प्रत्येक फाइलसाठी नाव, तारीख, जागेची नोंद वेगळी लिहावी लागते. डोकं तबकडीवर इकडून तिकडे धावतं आणि खऱ्या लिहिण्याला वेळ कमी उरतो. एक्सएमपी आणि थंबनेलच्या फोल्डरमध्ये ८-१० एमबी हा वेग अगदी नेहमीचा आहे. त्यातून बऱ्याच पोर्टेबल तबकड्या एसएमआर प्रकारच्या असतात. त्यात पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे मधला पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. कॅश भरली की अशी ड्राइव्ह थांबून आपली आवराआवर करते, आणि तेव्हा आलेख शून्यावर जातो. दिवा लुकलुकत असेल तर वाट पाहा. केबल ओढू नका.

मोठ्या व्हिडिओवरही वेग ३५-४० च्या वर जात नसेल तर मात्र जोडणी यूएसबी २ वर झाली आहे. पोर्ट तपासा, त्याहून आधी केबल तपासा. टाइप-सी तोंडाच्या पुष्कळ चार्जिंग केबल आतून यूएसबी २ च्याच असतात. ३३८ जीबीला सरळ १०० च्या वेगाने तासभर लागतो, ३५ च्या वेगाने पावणेतीन तास. लहान फाइल्स असल्यामुळे प्रत्यक्षात दोन्हीला जास्तच लागेल.

आय/ओ एरर (वाचण्या-लिहिण्यातली चूक) हा यातला गंभीर भाग. एरर दर वेळी त्याच फाइलवर येते की वेगवेगळ्या, एवढं पाहा. वेगवेगळ्या फाइल्सवर येत असेल तर केबल, हब किंवा वीजपुरवठा. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. स्वतःचा ॲडॅप्टर नसलेल्या हबवर ड्राइव्हसोबत आणखी दोन गोष्टी लावल्या की तबकडीला वीज पुरत नाही, ती मध्येच थांबते, पुन्हा फिरू लागते, टकटक आवाज येतो. ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा. दर वेळी त्याच फाइलवर अडत असेल तर लॅपटॉपच्या डिस्कवरची ती जागाच वाचता येत नाही, असं धरून चाला.

---

ओळनओळ

पहिल्यापासून पुन्हा करायची गरज नाही. एक्सप्लोरर सोडा, रोबोकॉपी वापरा. ती विंडोजमध्येच असते, काही उतरवावं लागत नाही. राहिलेल्या तेवढ्याच फाइल्स घेते आणि काय राहिलं ते लिहून ठेवते. टर्मिनलमध्ये एकाच ओळीत (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत):

रोबोकॉपी "सी:\युजर्स\तुमचं नाव\पिक्चर्स" "ई:\लॅपटॉपमधले सर्व जुने फोटो" /ई /डीकॉपी:डीएटी /आर:२ /डब्ल्यू:५ /एफएफटी /एक्सजे /एनपी /टीईई /युनिलॉग:"सी:\युजर्स\तुमचं नाव\डेस्कटॉप\नोंद.टीएक्सटी"

/ई म्हणजे रिकाम्यासकट सगळे उपफोल्डर. /आर आणि /डब्ल्यू विसरू नका. ते दिले नाहीत तर रोबोकॉपी एका अडलेल्या फाइलवर १० लाख वेळा प्रयत्न करते, दर प्रयत्नामागे ३० सेकंद थांबून. ‘रोबोकॉपी हँग होते’ या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं. /एफएफटी तारखांच्या तुलनेत २ सेकंदांची सूट देतं. फॅट घराण्याच्या आणि एनटीएफएसच्या वेळा मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, ही सूट नसेल तर तीच फाइल ‘बदललेली’ समजून पुन्हा कॉपी होऊ शकते. /डीकॉपी:डीएटी फोल्डरच्या तारखाही जपतं. /एक्सजे दुसरीकडे नेणारे जोडदुवे वगळतं, /एनपी टक्केवारी गाळतं, /टीईई नोंद पडद्यावरही दाखवतं. साध्या /लॉगऐवजी /युनिलॉग, कारण साध्या लॉगमध्ये देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होतात.

अवतरणचिन्हांची एक खोड आहे. मार्गाच्या शेवटी उलटा तिरपा दांडा देऊन लगेच अवतरण बंद केलं, तर रोबोकॉपी ते अवतरण मार्गाचाच भाग समजते आणि भलतीच एरर दाखवते. शेवटचा दांडा गाळा.

काम संपल्यावर तळाशी तक्ता येतो. त्यातला ‘फेल्ड’ हा रकाना पाहायचा. तिथे शून्य नसेल तर लॉगमध्ये ‘एरर’ शोधा, फाइलचं नाव आणि कारण तिथेच मिळेल.

/एमटी देऊन एकाच वेळी अनेक फाइल्स चालवा असा सल्ला सगळीकडे दिसतो. एसएसडीवर तो बरोबर आहे. फिरत्या तबकडीवर डोक्याची धावपळ वाढते आणि काम बहुधा आणखी मंदावतं. देऊ नका.

आणि सोपी वाटणारी /एमआयआर: दोन्हीकडे हुबेहूब सारखं करायचं असेल तर /ईच्या जागी ती द्या.

---

तबकडी

/एमआयआरबद्दल घाई नको. ‘हुबेहूब सारखं’ याचा अर्थ मूळ बाजूला नसलेलं सगळं ड्राइव्हवरून पुसणं, तेही रीसायकल बिनमध्ये न टाकता. इथे प्रश्नकर्त्याला लॅपटॉपवरचे फोटो उडवायचे आहेत. उडवल्यानंतर महिन्याभराने हीच ओळ पुन्हा चालवली की ड्राइव्हवरचेही गेले. दोन मार्गांची अदलाबदल झाली तरी तेच. आधी /एल जोडून कोरडी फेरी घ्यावी, त्यात फक्त यादी येते. पण एकतर्फी साठवणीसाठी मी /ईच ठेवेन.

---

ओळनओळ

मान्य. /एमआयआर दोन ड्राइव्ह एकमेकींशी जुळवताना ठीक आहे, इथे नको. वरची ओळ /ईसह आहे तशीच वापरा.

---

धूसर_फोकस

चालवली. ५४२ चा हिशेब असा लागला:

३७१ फाइल्सवर एक्सप्लोररमध्ये ढगाचं चिन्ह आहे. कॉपीच्या वेळी नेट बंद होतं.
१६३ आता रोबोकॉपीने झाल्या. एक्सप्लोरर त्यांच्यावर नाव फार लांब आहे म्हणत होता.
८ आय/ओ एररवाल्या. केबल बदलून थेट पोर्टला लावल्यावर ५ झाल्या. ३ दर वेळी तिथेच अडतात, तिन्ही एकाच फोल्डरमधल्या रॉ फाइल्स.

नाव लांब असेल तर लॅपटॉपवर ती फाइल मुळात बनलीच कशी?

---

अक्षरगणती

इथे आड आली ती मर्यादा फाइलच्या नावाची नाही, पूर्ण मार्गाची आहे. ड्राइव्हच्या अक्षरापासून एक्स्टेंशनपर्यंत सगळं मिळून २६०. लॅपटॉपवर मार्ग २५० चा होता तेव्हा चाललं. तुम्ही तेच झाड ‘लॅपटॉपमधले सर्व जुने फोटो’ या फोल्डरच्या पोटात लावलंत, मार्ग वाढला आणि हद्द ओलांडली. रोबोकॉपी ही हद्द मानत नाही म्हणून तिने केलं, पण त्या फाइल्स उघडताना काही प्रोग्रॅम अजूनही अडतील. ड्राइव्हवरच्या वरच्या फोल्डरचं नाव नुसतं ‘फोटो’ करा, प्रश्न सुटेल. पुढच्या वेळी कमांडमध्येही तेच नाव द्यायचं, नाहीतर सगळं दुसऱ्यांदा कॉपी होईल.

मराठी नावं देणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘निसर्ग’ डोळ्याला ३ अक्षरं, विंडोजला ६. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर तर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हांतच संपलं. फोल्डरला प्रसंगाचं अख्खं वर्णन द्यायची सवय असेल तर तारीख आधी आणि दोन शब्द पुरेत: ‘२०२३-०४-१६ किल्ला’. तारीख अशी उलटी लिहिली की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

मॅकवरून ड्राइव्हवर काही टाकणार असाल तर नावात प्रश्नचिन्ह, तारका किंवा दुहेरी अवतरण ठेवू नका. मॅकला ते चालतं, विंडोजला आणि एक्सफॅटला नाही.

---

दोन_प्रती

ढगवाल्या ३७१ फाइल्सचं: वनड्राइव्हमध्ये ‘फाइल्स ऑन-डिमांड’ चालू असलं की फाइल दिसते, साइझही दिसतो, पण लॅपटॉपवर फक्त पाटी असते. माल सर्व्हरवर. ‘पिक्चर्स’ फोल्डर वनड्राइव्हच्या ताब्यात गेला असेल तर त्याचा खरा मार्गही बदललेला असतो. फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ द्या, लॅपटॉपवर तेवढी जागा आहे ना ते आधी पाहा, ढगाच्या जागी हिरव्या गोलात पांढरी बरोबरची खूण आली की मग रोबोकॉपी पुन्हा चालवा. आणि जागा मोकळी करायला या फोल्डरमधून फाइल डिलीट केली तर ती सर्व्हरवरूनही जाते. फक्त लॅपटॉपवरची काढायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वेगळं आहे.

मॅकवर हाच प्रकार ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ या नावाने होतो. फोटो लायब्ररी कॉपी केली तरी तिच्यात मूळ फाइल्स असतीलच असं नाही. मॅकच्या फोटोज ॲपमधून द्यायचे असतील तर ‘एक्स्पोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल’. अख्खी लायब्ररी उचलून एक्सफॅटवर ठेवून तिथूनच चालवायचा विचार नको, तिला एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्सटेंडेड हे मॅकचे फॉरमॅट लागतात.

फॉरमॅटबद्दल: ड्राइव्ह मॅकला लावायची म्हणजे एक्सफॅटच. एनटीएफएस मॅक वाचतो, स्वतःहून लिहीत नाही. फॅट३२ बाद, कारण त्यात एक फाइल ४ जीबीपर्यंतच, तुमचा ६ जीबीचा व्हिडिओ बसणार नाही. पण एक्सफॅटला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नाही. लिहिणं चालू असताना केबल निघाली तर एनटीएफएस आपल्या नोंदी पुष्कळदा सावरून घेतं, एक्सफॅटमध्ये अख्खा फोल्डर गायब होऊ शकतो. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हेच मूळ सेटिंग आहे हे खरं, तरी इजेक्ट करूनच काढा. मॅकला लावून आणल्यावर ‘._’ ने सुरू होणाऱ्या ४ केबीच्या जोडफाइल्स दिसतील. ते फोटो नाहीत, मॅकच्या टिपणाच्या चिठ्ठ्या आहेत. फाइल्सचा आकडा वाढलेला दिसला तर आधी त्या वजा करा.

---

तबकडी

त्या ३ रॉ फाइल्स: लॅपटॉपच्या डिस्कवर आत्ता चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवू नका. दुखणाऱ्या डिस्कला आणखी राबवल्यासारखं होतं, आणि ती नोंदी ‘दुरुस्त’ करताना अर्धवट वाचता आलं असतं तेही घालवू शकते. आधी बाकी सगळं बाहेर काढा, मग क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तब्येत पाहा. साटा डिस्क असेल तर ०५ आणि सी५ या ओळी, एनव्हीएमई असेल तर ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’. शून्यापेक्षा जास्त असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क बदलायची वेळ झाली.

कॅमेऱ्याचं कार्ड अजून फॉरमॅट केलं नसेल तर ते तीन फोटो तिथूनच घ्या. नसेल तर अनस्टॉपेबल कॉपियर वापरून पाहा. ती न वाचलेला भाग सोडून बाकीची फाइल उतरवते. रॉ फाइलच्या पोटात बहुधा एक तयार जेपीजी असतो. खराब जागा त्या जेपीजीवर पडली नसेल तर एक्झिफटूलने तो काढता येतो. रॉ गेली तरी चित्र हाती राहतं.

---

ओळनओळ

आकडा जुळला म्हणजे आतला मजकूर जुळला असं नाही. रोबोकॉपी फक्त साइझ आणि तारीख पाहते. उडवण्याआधी मजकूर ताडून बघायचा तर फ्रीफाइलसिंकमध्ये दोन्ही फोल्डर देऊन तुलना ‘फाइल कंटेंट’वर ठेवा. दोन्हीकडचं सगळं वाचून होईपर्यंत कॉपीइतका वेळ पुन्हा लागतो, रात्री लावा आणि लॅपटॉपची स्लीप बंद करा. ताडण्याआधी ड्राइव्ह इजेक्ट करून काढा, पुन्हा लावा. नाहीतर नुकतंच लिहिलेलं रॅममधूनच वाचलं जातं आणि तबकडीवर काय पोचलं ते कळतच नाही.

दुसरी खूण आत्ताच करून ठेवा: पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅशने प्रत्येक फाइलचा हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) काढून यादी ड्राइव्हवर ठेवायची, मूळ सेटिंग एसएचए-२५६ चं आहे. दोन वर्षांनी तीच आज्ञा पुन्हा चालवली की कोणती फाइल आपोआप बिघडली ते कळेल. मॅकवरून ताडायचं तर टर्मिनलमधल्या आरसिंक या कॉपीच्या आज्ञेला -आरव्हीएनसी: ते मजकूर पाहून फरकाची यादी देतं, लिहीत काही नाही.

---

अक्षरगणती

पुढच्या वेळच्या कॉपीसाठी एक राहिलं. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ होतो. म्हणजे ‘आयएमजी_०४१२’ नावाचे दोन अगदी वेगळे फोटो असू शकतात. वेगवेगळे फोल्डर एकात ओतताना विंडोज विचारते तेव्हा ‘रिप्लेस’ दिलं की जुना गेला. ‘लेट मी डिसाइड’ घ्या आणि दोन्ही बाजूंना खूण करा, दुसऱ्याच्या नावापुढे कंसात २ लागतं. आणि कट-पेस्ट कधीच नको: एका ड्राइव्हवरून दुसरीवर कट म्हणजे कॉपी करून मागचं पुसत जाणं, ताडायला मूळ उरतच नाही.

---

धूसर_फोकस

ढगवाल्या ३७१ उतरल्या. फोल्डरचं नाव ‘फोटो’ केलं, कमांडमध्येही बदललं, रोबोकॉपी पुन्हा झाली. ‘फेल्ड’ ३. त्यातले दोन फोटो जुन्या कार्डवर मिळाले. तिसऱ्याची रॉ अर्धी करडी दिसते, आतला जेपीजी मात्र पूर्ण निघाला. एनव्हीएमईच्या त्या ओळीत ४ आकडा आहे. दुसरी ड्राइव्ह येईपर्यंत लॅपटॉपवरचं काही काढत नाही. तुलना आज रात्री लावतो.

---

तबकडी

४ हा आकडा तारखेसह लिहून ठेवा. दुसरी ड्राइव्ह आली की ती पहिल्या ड्राइव्हवरून नाही, लॅपटॉपवरूनच भरा, म्हणजे पहिलीतली चूक दुसरीत उतरणार नाही. फक्त ते वाचवलेले तीन फोटो आधी लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर दुसऱ्या ड्राइव्हवर तेवढेच राहून जातील.